नागव्वाचा डोळा आणि मागल्या खोलीतला दिवा

नागव्वाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला आणि तिला सुनेच्या नाकावरचा तीळ दिसला. सहा वर्षं ती त्या सुनेला आवाजावरूनच ओळखत होती. डाव्या डोळ्याची पाळी दिवाळीनंतर होती.

सोलापुरातलं त्यांचं घर म्हणजे पुढे मुलाचा, भीमाशंकरचा, चार मागांचा कारखाना आणि मागे एक अंधारी खोली. तिथे दिवसाही बल्ब लागे. सगळे मागांवर असत, नागव्वा एकटी शेंगा निवडत बसे. श्रावणात एके दिवशी हातातलं सूप तांबूस, अंधुक दिसू लागलं. थोड्या वेळाने इतकं लख्ख, की डोळा दिपला. मग रोजच तसं. बल्बही लाल दिसे, पण बिघडल्या डोळ्याला सगळंच तसं दिसणार. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून बजावलं होतं आणि ती चुलीपुढे वाकली होती. डोळा चालला, असं तिने मनाशी धरलं. डाव्याचं ऑपरेशन मात्र नको म्हणाली. मुलगा चिडला, तरी कारण सांगेना.

महिन्यात दोन बल्ब फुटले तेव्हा भीमाशंकरने विरुपाक्ष वायरमनला बोलावलं. तो आला आणि पिशवी न उघडता पालथ्या डब्यावर नुसता बसून राहिला.

"काम न्हाय का रे तम्मा तुला?" नागव्वाने धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं.

"हेच काम हाय की, अव्वा. बघत बसायचं."

तेवढ्यात खोली तांबूस झाली. नागव्वाने सवयीने चष्मा काढून मान खाली घातली. काय झालं, असं त्याने विचारलं. परका माणूस, म्हणूनच ती बोलली असेल.

"मधनंच अंदार येतो. डोळा चाललाय माजा. घरात सांगू नको."

विरुपाक्ष वर बघत म्हणाला, "मलाबी अंदार दिसतोय की, अव्वा. माजे तर दोन्ही डोळे शाबूत हायत."

तिला उमजेना. त्याने तपासणीच्या बल्बाची एक वायर परतीच्या तारेला आणि दुसरी नळाच्या पाइपाला लावली, आणि कारखान्यातले दिवे लावायला सांगितले. हातातला बल्ब पेटला. वीज एका तारेने येते, दुसरीने परत जाते, तो सांगू लागला. या परतीच्या तारेवर बल्ब पेटायला नको. मीटरजवळ तिचा जोड सैल झालाय. कारखान्याचे दिवे लागले की त्यांची वीज तुझ्या बल्बातून वाट काढते, म्हणून तो भडकतो. ते विझले की तुझ्या विजेलाच परत जायला धड वाट उरत नाही.

नागव्वा लाकडी पट्टीवरच्या त्या तारेकडे बघत राहिली. काही हलत नव्हतं. तिच्या डोक्यावरून दिवसभर एवढं येणं-जाणं चालत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. तिने हळूच हात जोडले.

तो जोड आवळायला निघाला तशी ती म्हणाली, "थांब. अजून एकदा अंदार कर."

त्याने पुढे हाक देऊन दिवे बंद करायला लावले. खोली लाल झाली. नागव्वाने या वेळी चष्मा काढला नाही. तिने बल्ब पाहिला, सूप पाहिलं, मग विरुपाक्षचं तोंड. त्या मिणमिणत्या उजेडातही त्याच्या भुवईतला एकुलता पांढरा केस तिला दिसला.

"भीमा," तिने मुलाला हाक मारली, "डावा कदी करायचा, इचारून ये जा डॉक्टरला."