खंडेनवमीचा भुंगेरा

सगळं कॉलेज पेढे खात होतं आणि मोरिवलीच्या महिपतीची पाचावर धारण बसली होती!

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई, नऊ वर्षं हंगामी. १९९४ची दिवाळी आठवड्यावर आलेली, नि कायम केल्याची ऑर्डर दिवाळीआधी निघायची होती. नेमका तेव्हाच तिथल्या प्राध्यापक मालिनी मॅडमनी महिनाभर न्याहाळलेला दगडातला भुंगेरा रसायनांनी तपासायला घेतला. तीन कोटी वर्षांपूर्वी तो बारीक गाळात गाडला गेला. हवा लागली नाही, पाणी शिरलं नाही, कुजवणारे जंतू फिरकले नाहीत. अशा वेळी कवचातला चिवट पदार्थ थोडाफार टिकतो, हे मॅडमना ठाऊक होतं. पण प्रथिनं? ती फार लवकर तुटतात. आणि इथे तर नळीत चक्क जांभळा रंग आला, म्हणजे प्रथिनं! मॅडमनी त्याच आनंदात पेढे वाटले.

महिपतीला मात्र खंडेनवमी आठवली. त्या दिवशी त्याने तराजू, सूक्ष्मदर्शक, सगळ्यांची पूजा केली होती. मॅडम रजेवर, दगड टेबलावर उघडाच. मॅडम ज्याच्यावर दिवसभर डोळे लावून बसतात, त्याला कसं वगळायचं? कुंकवाचा डाग पडेल म्हणून या शहाण्याने त्याला घरच्या म्हशीच्या दुधाचं बोट लावलं नि पुसून टाकलं. दुधात प्रथिनं असतात हे वर्गात त्याने शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा कुठे गेली होती अक्कल?

"गप बसा," त्याची बायको विठा म्हणाली. "तोंड उघडलंत तर पोरांनी खायचं काय?"

तीन दिवस त्याने विठाचं ऐकलं. चौथ्या दिवशी मॅडमनी पुण्याला पाठवायचा लेख पाकिटात घातला आणि पोस्टात टाकायला त्याच्याच हाती दिला. झालं! त्याने पाकीट परत टेबलावर ठेवलं.

"मॅडम," तो रडतच म्हणाला, "ते जांभळं माझ्या म्हशीचं आहे हो."

सगळं ऐकून मॅडम मटकन खाली बसल्या. मग त्यांनी प्रयोगाची वही पुढे सरकवली. "लिहा. काय केलंत ते, तारखेसकट."

लेखी घेतलं की नोकरीवरून काढतात, हे महिपतीला पक्कं माहीत होतं. कंपनीत त्याच्या भावाचं तसंच झालं होतं. मेलो, विठाला काय सांगू! त्याने चार ओळी खरडल्या नि सही केली.

मॅडमनी डोळे पुसले, वही ओढून घेतली आणि त्याच्या ओळींखाली लिहिलं: 'दगड उघडा मी ठेवला. चूक माझी.' मग स्वतःची सही केली.