कवेलू फेरणारे बाबाजी

"कोनाच्या खोलीत गळून रायलं?" फाटकातून शिरता शिरताच बाबाजी ओरडायचे, आणि उत्तराची वाट न पाहता शिडी लावायचे.

तुम्ही शहापूरवरून गेला असाल तर हायवेवरून आमचं घर दिसलं असेल. लांब, बैठं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. गावच्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, पाहुण्यांसाठी बांधलेलं. पुढे तिथे शाळा भरली, पोस्ट आलं, एका डॉक्टराने दवाखाना थाटला, आणि जवळच्या जवाहरनगरच्या नोकरीपायी शेवटी आम्ही भाड्याने आलो. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे सगळे काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा रचायचे, हे काम मात्र बाबाजींचंच.

खोल्यांना त्यांच्या तोंडी तिथून आधी उठून गेलेल्यांची नावं. आमचा स्वयंपाक दवाखान्यात, झोपणं पोस्टात! बायको एकदा चिडली. "बारा वर्षं झाली बाबाजी, आमच्या नावाची एक तरी खोली?"

"तुमी जा तं आदी," ते वरूनच म्हणाले. "मंग देतो."

असा वात्रट म्हातारा! मला फार आवडायचा.

गेल्या वर्षी घरमालकाने टिनाचे पत्रे टाकायचं ठरवलं. त्याचंही खरंच होतं. हातचे कवेलू आता कोणी कुंभार करत नाही, फुटले तर आणायचे कुठून? बाबाजींचं तोंड एवढंसं झालं. मग कंबरेवर हात ठेवून ते मालकासमोर उभे राहिले.

"एक पावसाळा पाहा. एक थेंब जरी आत आला, तं ठोका पत्रे. खिळे मी धरतो."

मालक हसला, पण कबूल झाला.

रोज सायकलवर कवेलूंचं पोतं यायचं. "कुठून आणता?" मी विचारलं.

"तुमाले आंबे खायाचे हायेत का झाडं मोजाचे?"

अख्खा पावसाळा घर कोरडं राहिलं. मालकाने पत्र्यांचं नाव सोडलं.

यंदा श्रावणात बाबाजी गेले. आजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटायला म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो, तर छपरावर नवे पत्रे! वरून धो धो पाऊस. कवेलूवाल्याच्या घरी पत्रे काहून, असं मी आजींना विचारलं. त्या काहीतरी म्हणाल्या, पण पत्र्यांच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

"काय?"

"आमचे कवेलू तुमच्याच घरावर हायेत न, बाबू!" आजी कानाशी येऊन ओरडल्या. "गळलं का कुठी?"

 होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडलो, "एक थेंब नाही, आजी!"