सासूबाईंचा हायड्रेंजिया

डीमन गावातल्या फ्लॅटमधून आम्ही युट्रेख्ट शहराजवळ रांगेतल्या एका छोट्या घरात राहायला आलो, तेव्हा घरामागे बाग मिळाली याचं मला अप्रूप होतं आणि थोडी धास्तीही. बाग म्हणजे दोन पलंग मावतील एवढी जागा. आधीच्या मालकांनी लावलेलं एकच मोठं झुडूप कुंपणाशी उभं होतं. हिवाळ्यात त्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि त्यांची तपकिरी साल कागदासारखी सुटून लोंबत होती.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांच्या गच्चीवर मोगरा आहे आणि तो छाटल्याशिवाय फुलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं, आम्ही दोघं नवरा-बायको घरून काम करायला लागलो, आणि सासूबाईंना करण्यासारखं काही उरलं नाही. एका सकाळी मीटिंगमध्ये असताना मी मागच्या काचेतून पाहिलं, तर त्या बागेत. साडीवर माझा जाड कोट, हातात कात्री. एक फांदी खाली पडली, दुसरीला कात्री लागली, आणि शेजारच्या खिडकीतून मोठा आवाज आला, "नेय, नेय, नेय!"

मी मीटिंग तशीच सोडून बाहेर धावले. शेजारी एकटे राहणारे एक डच आजोबा होते. तोवर त्यांच्याशी फक्त मान हलवण्याइतकीच ओळख होती. ते घरातल्या सपाता घालूनच कुंपणापर्यंत आले आणि नियमाची आठवण होऊन दीड मीटर मागे सरकले.

"काय झालं त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"कापू नका म्हणतायत, आई."

"अगं, पण वाळलंय ते."

माझ्या मोडक्या डचमध्ये मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी कापलेली फांदी मागून घेतली, नखाने खरवडली आणि आमच्याकडे वळवून धरली. आत कोवळं हिरवं होतं. मग त्यांनी समजावलं. हा हायड्रेंजियाच, पण पानं ओकच्या झाडासारखी असणारा. याला फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. आत्ता छाटलं तर यंदा फुलं विसरा. आणि साल सुटते तो काही रोग नाही, तीच याची हिवाळ्यातली शोभा.

"म्हणजे मोगऱ्याच्या अगदी उलट," सासूबाई म्हणाल्या. "सांग त्यांना, आता हात नाही लावणार."

परतीचं विमान रद्द झालं. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली. आणि सासूबाईंचा दिवस कुंपणाभोवती फिरू लागला. अकराच्या सुमाराला आजोबा कॉफी घेऊन त्यांच्या बाजूला बसायचे, सासूबाई चहा घेऊन आमच्या बाजूला. त्या डबा कुंपणाच्या खांबावर ठेवून मागे सरकायच्या, मग ते पुढे येऊन शंकरपाळी घ्यायचे. ते डचमध्ये बोलायचे, त्या मराठीत. मी मध्ये पडले तर दोघंही थांबायचे, म्हणून मी मध्ये पडणं सोडलं. शेजाऱ्याला डचमध्ये बूरमन म्हणतात. मी त्यांना तशी हाक मारायची, म्हणून तेच त्यांचं नाव आहे असं सासूबाई कितीतरी दिवस समजत होत्या. खरं कळल्यावरही त्यांनी बदललं नाही.

एप्रिलमध्ये काड्यांना लव असलेले कोंब फुटले. मे महिन्यात पानं तळहाताहून मोठी झाली. जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे लांबट तुरे आले, इतके जड की पाऊस झाला की फांद्या वाकायच्या. सासूबाई रोज सकाळी जाऊन तुरे हळूच हलवायच्या, पाणी झाडायच्या. बूरमननी त्यांना फोनवर आधीच्या वर्षीचा फोटो दाखवला. शरद ऋतूतलं तेच झुडूप, पानं वाइनसारखी लाल.

"हे बघायचं राहिलं," सासूबाई म्हणाल्या. जुलैमध्ये विमान मिळालं आणि त्या गेल्या.

नोव्हेंबरमध्ये मी त्यांना व्हिडिओ कॉलवर लाल पानं दाखवली. "जरा जवळ ने. अजून जवळ," असं करत करत मी फोन पानालाच टेकवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून बूरमन वाकले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "झालं का जेवण?" सासूबाई त्यांना रोज हेच विचारायच्या. 'कसे आहात'ला मराठीत असंच म्हणतात, अशी बूरमनची समजूत झाली होती. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला फोन पडला आणि आम्हाला बराच वेळ सांगलीचं छतच दिसत राहिलं.

पुढे हिवाळ्यात बर्फ पडला. वाळलेल्या तुऱ्यांवर तो टोप्यांसारखा बसला होता, आणि सोललेल्या फांद्या पांढऱ्यावर दालचिनीसारख्या उठून दिसत होत्या. तोही फोटो मी पाठवला. "हे बरंय, याचं बाराही महिने काहीतरी चालू असतं," त्यांचं उत्तर आलं.

निर्बंध पुरते उठल्यावर, बावीस सालच्या सप्टेंबरअखेर त्या परत आल्या. या वेळी मुद्दाम शरद गाठून. दसऱ्याला पानं नुकती रंगू लागली होती. आपट्याची पानं इथे कुठून आणायची, म्हणून मी हळहळत होते. सासूबाई देवाला हळदकुंकू वाहून बागेत गेल्या, बराच वेळ निवड करून त्यांनी थोडी लाल झालेली पानं खुडली आणि पहिलं पान बूरमनना दिलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मी अर्थ सांगितला. बूरमननी पान उलटसुलट करून पाहिलं, शर्टाच्या खिशात नीट ठेवलं. मग स्वतःच एक पान खुडून त्यांनी सासूबाईंना दिलं, एक मला, एक माझ्या नवऱ्याला. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. आणखी मूठभर पानं घेऊन ते समोरच्या घरांकडे निघाले.

परत आले तेव्हा आम्ही बागेत टेबल मांडलं होतं. तोवर दीड मीटर कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पुऱ्या गरम होत्या, श्रीखंड इथल्या क्वार्क नावाच्या चक्क्याचं. बूरमननी वाटी पुसून घेतली आणि पुरे म्हणून हात आडवा केला. सासूबाईंनी त्या हाताखालून आणखी एक डाव वाढला.