एर्सिलियाचं तोंड आणि सिनेमावाले

एर्सिलिया बोवेरीला कुणी ‘जरा थांबा’ म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. आणि त्या सप्टेंबरात ती सिनेमावाल्यांसाठी चक्क नऊ दिवस थांबली.

मोन्फेर्रातोच्या टेकडीवर, सान रोक्कोच्या चॅपलला लागून तिच्या द्राक्षवेलींच्या चार ओळी होत्या. जात ग्रिन्योलीनो. मण्यांना रंग जेमतेम, आणि एका घडातले सगळे मणी एका वेळी पिकतील तर शपथ! पण तिच्या नवऱ्याने, सेकोंदोने, त्या स्वतःच्या हाताने लावलेल्या. तो जाऊन सहा वर्षं झाली तरी त्या ओळींची वाइन तिने एकही वर्ष चुकवली नव्हती.

सिनेमावाले येईपर्यंत द्राक्षं तोडायची नाहीत, असा शब्द दिला होता तिच्या सुनेने, नीवेसने. ती नगरपालिकेत कामाला.

“आई, नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. गावाचं नाव होईल.”

“गावाला नाव आहे. रस्त्यावर पाटी लावलीय.”

पण दिलेला शब्द घरातला होता, मोडायचा कसा? तोरिनोहून आलेला दिग्दर्शक ग्वाल्तिएरो दोन हातांची चौकट करून दाखवत होता. “सिन्योरा, वाइन, चित्र आणि सिनेमा! मागे चॅपलच्या भिंतीवर रंगवलेली मारिया, पुढे तुमची द्राक्षं. अख्खी इटली एका चौकटीत!”

“आणि पाऊस? तो चौकटीबाहेर उभा राहतो का?”

पाऊस सहाव्या दिवशी आला आणि दोन दिवस मुक्कामाला राहिला. एर्सिलिया रोज सकाळी ओळीत जायची, मणी दाबून बघायची आणि चरफडत परत यायची. आठव्या दिवशी घडांच्या पोटात करडी बुरशी दिसली. आता आणखी उशीर म्हणजे यंदा वाइनच्या नावाने पूज्य.

नवव्या दिवशी तीन ट्रक आले. ग्वाल्तिएरोने एक घड उचलून पाहिला, मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मारियाच्या मांडीवरल्या बाळाच्या हातात काळाभोर, टपोरा घड होता.

“हे फारच फिकट आहेत हो,” तो म्हणाला. “अजिबात द्राक्षांसारखे दिसत नाहीत.”

बाजारातून खायच्या काळ्या द्राक्षांच्या पेट्या आधीच आणून ठेवल्या होत्या. गावातले तिघे रोजावर घेतलेले. ते मुकाट्याने ग्रिन्योलीनोच्या वेलींना तारेने ती द्राक्षं बांधायला लागले. त्यात तिचा शेजारी ओत्ताव्हियोसुद्धा! पान एका जातीचं, घड दुसऱ्या जातीचा. आमच्या टेकडीवर दोन वर्षांचं पोरही हसेल.

एर्सिलियाचं डोकं सटकलं. टोपली आणि कात्री घेऊन ती ओळीत घुसली आणि सपासप घड कापत सुटली. चांगले टोपलीत, नासके जमिनीवर, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. ग्वाल्तिएरो, त्याची टोपी, अख्खं तोरिनो, नीवेस, तारवाले, कुणालाही तिने सोडलं नाही. ग्वाल्तिएरो कॅमेऱ्यावाल्याला पुटपुटला, “थांबू नकोस, घे!” शेवटच्या वेलीपाशी तिचा दम संपला. ती खाली बसली, वेलीवर हात ठेवून हळूच काहीतरी बोलली आणि उठली.

दर वर्षी पन्नास लिटरच्या चार मोठ्या बाटल्या भरायच्या; त्या वर्षी एक भरली, तीही पाणचट.

मे महिन्यात रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात सिनेमा दाखवला. पडद्यावर एर्सिलिया आली, तिने तोंड उघडलं, आणि मधाळ आवाज ऐकू आला: “ही माती माझी आई आहे. हिच्या कुशीत मी तृप्त आहे.”

सिनेमात आवाज मागाहून स्टुडिओत भरतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आपल्याही तोंडात कुणी असलं काही भरेल, असं एर्सिलियाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लोक डोळे पुसत होते.

“मी हे बोललेच नाही!” ती ओरडली.

“शूऽऽ!” अख्खं सभागृह.

“आई, किती छान बोललात,” नीवेसने तिचा हात धरला.

“अगं, मी तुला शिव्या देत होते!”

हसत होता फक्त ओत्ताव्हियो. खाणीतल्या सुरुंगाने त्याचे दोन्ही कान कधीच गेलेले. ओठ वाचूनच तो जगाशी बोलायचा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. शेवटच्या वेलीचं दृश्य आलं आणि त्याचं हसू एकदम थांबलं.

टाळ्या चालू असतानाच तो खुर्च्यांमधून तिच्यापाशी आला.

“सेकोंदोची माफी मागत होतीस,” तो म्हणाला. “‘यंदा तुझ्या ओळी मी नासवल्या’ म्हणालीस.”

आठ महिने हे एर्सिलियाने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

“तारा मी बांधल्या, एर्सिलिया. माफी मी मागायची.”

“तुलाही सोडलं नव्हतं मी. वाचलंस ना?” तिने एकेका शब्दाला ओठ नीट हलवत विचारलं.

“वाचलं तर. म्हणून तर हसलो,” ओत्ताव्हियो म्हणाला. “सगळ्या सिनेमात तेवढंच खरं होतं.”