बाटलीवरचा आईचा वास

बोथ गावच्या शाळेतले अमरदीप मास्तर दारूला कधी शिवलेले नाहीत. दर रविवारी मावला गावच्या बुद्धविहारात पंचशील म्हणताना नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज मुद्दाम चढतो, कारण शेजारी धाकटा भाऊ नागेश बसलेला असतो. त्याची दारू सोडवायला मास्तरांनी हाडाची काडं केली. सहा वर्षं झाली होती, नागेशनं थेंब घेतला नव्हता. दोघं भाऊ एकाच घरात राहत, ते त्याच्यावर लक्ष राहावं म्हणूनच.

अन् अशा माणसानं काम कुठलं घ्यावं, तर वाइनच्या बाटलीवर छापायची वर्णनं मराठीत करायचं. कंपनी नाशिककडची, ओळख जुन्या विद्यार्थ्याची. आपण लिहितो, पीत थोडेच, मग शील कुठं मोडतं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. इंग्रजी मजकूर वाचून मात्र ते चक्रावले. चामडं काय, तंबाखू काय, ओला दगड काय. हे लोक पितात की चाटतात? मास्तरांनी ते सगळं बाजूला सारलं आणि मनानंच लिहिलं: ‘पहिल्या घोटात पिकल्या जांभळाचा गोडवा, मग चुलीच्या धुराची ऊब आणि अगदी शेवटी आईच्या पदराला येणारा ओल्या कापसाचा वास.’ त्यांची आई जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचत होती. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले.

कंपनी खूश झाली, एक बाटली भेट म्हणून आली. ती फेकवेना, आपले शब्द होते ना तिच्यावर. मास्तरांनी ती कपाटात ठेवली आणि नको ती हौस म्हणून मजकूर तेवढा नागेशला वाचून दाखवला.

पुढच्या रविवारी नागेश विहारात आला नाही. दुपारी मास्तर घरी परतले तर तो कपाटाशी फतकल मारून बसलेला, बाटली अर्धी झालेली.

“काऊन रे?” मास्तरांनी कारण विचारलं.

“आईचा वास पाहून राह्यलो, दादा. मले तं येऊनच नाही राह्यला. तू सांग, कुठं हाये?” नागेशनं गिलास पुढं केला.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा दारू नाकाशी धरली. नुसता आंबूस दर्प.

“नाही रे त्यात आई. म्या मनानं लिवलं. खोटं हाये सारं.”

नागेश हसला. “तू कायले खोटं लिवशीन? मास्तर हायेस तू. अगदी शेवटी येते म्हून लिवलं हाये ना, शेवटपर्यंत पाह्यतो.”

त्यानं गिलास परत घेतला आणि बाटली त्यात उपडी केली. मास्तरांना त्याचा हात धरायचंही सुचलं नाही.