पाणी घातल्यावर उमटलेली रेघ

दुसऱ्या पट्टीवरही एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे पट्टी चालू आहे, पण गर्भ नाही. मी रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिलं, सही केली आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

केजमधल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. सतरा वर्षं झाली. लॅब म्हणजे एक अरुंद खोली, मायक्रोस्कोप, रक्त तपासायचं एक मशीन आणि अधूनमधून रुसणारा फ्रीज. पेशंट मला ‘नसरीनबाई’ म्हणतात, डॉक्टर देशमाने ‘मॅडम’ म्हणतात. काही चुकलं की फक्त ‘नसरीन’.

एरवी मी दुसरी पट्टी लावत नाही. त्या दिवशी लावली, कारण पेशंट भांडली. सविता तिचं नाव. युसूफ वडगावजवळच्या वस्तीवरची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. अडीच महिने पाळी नव्हती. पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. दोन दिवसांपासून थोडे तपकिरी डाग लागत होते. बरोबर नवरा बाळू आणि सासू. दसरा होऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची ऊसतोडीची टोळी कर्नाटकात निघणार होती. ट्रॅक्टर दारात उभा होता म्हणे, सामानही भरून झालं होतं.

रक्त घ्यायला मी तिचा हात धरला तर तो थरथरत होता. नाडी पळत होती.

“भीती वाटतीय का?” मी विचारलं.

“सुईची न्हाई वाटत,” ती म्हणाली. “बाई, तुमची पट्टी खोटं सांगती. मला दिवस हायेत.”

“पट्टी खोटं नाही सांगत गं.”

“मंग मी खोटं सांगती व्हय? दोन बाळंतपणं झाली माझी. मला कळत न्हाई का? पर ह्या बारीला लईच हाय. पोट बगा की, अडीच म्हयन्याचं वाटतंय का?”

सासूनं तिला दटावलं, “गप बस गं. बाई शिकलेल्या हायेत.”

म्हणून मी दुसऱ्या बॉक्समधली पट्टी लावली. तीही निगेटिव्ह. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. रक्त कमी आहे, पित्त खवळलंय, अशक्तपणानं पाळी लांबलीय, असं सांगून त्यांनी गोळ्या लिहिल्या. सोनोग्राफी करून घ्या, असंही म्हणाले. पण सोनोग्राफीचे डॉक्टर आमच्या गावात ठरावीक दिवशीच येतात. पुढचा दिवस परवाचा होता.

बाळू म्हणाला, “साहेब, परवा तर आमी कारखान्यावर असू.”

“मग तिकडे दाखवा. पण दाखवा.”

ते गेले. मी पुढचं सॅम्पल हातात घेतलं. पण सविताची लघवीची बाटली ट्रेमध्ये तशीच होती आणि माझं लक्ष सारखं तिच्याकडे जात होतं.

इथे ही पट्टी काम कशी करते ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रेग्नन्सीच्या पट्टीवर जी लालसर रेघ येते, ती शाईची नसते. बहुतेक पट्ट्यांमध्ये ती सोन्याची असते. मला हे एका ट्रेनिंगमध्ये कळलं तेव्हा मी हसले होते. एवढ्याशा कागदी पट्टीत सोनं? पण असतं. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढे त्याचे कण असतात. त्यांना नॅनोकण म्हणतात. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. आताशा डेंग्यूची, मलेरियाची, कोविडची पट्टीही बहुतेक याच सोन्यावर चालते. पूर्वी ज्या तपासणीला बीडला सॅम्पल पाठवावं लागे, ती आता दहा मिनिटांत टेबलावर होते.

गर्भ राहिला की बाईच्या लघवीत एक हार्मोन येतो. पट्टीतला सोन्याचा कण त्या हार्मोनला पकडतो. दोघं मिळून पुढे सरकतात. पुढे रेघेच्या जागी हार्मोनला धरून ठेवणारं दुसरं रसायन लावलेलं असतं. हार्मोन तिथे अडकतो, त्याच्याबरोबर सोनंही अडकतं आणि रेघ लाल होते. बस, एवढंच.

आता गडबड कुठे होते? ट्रेनिंग द्यायला आलेल्या मुलीनं जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत एक गोष्ट सांगितली होती. समजा हार्मोन थोडाथोडका नाही, बेसुमार आहे. सोन्याचे कण तर मोजकेच. मग बराचसा हार्मोन सोन्याशिवाय, नुसताच पुढे जातो आणि रेघेवरच्या सगळ्या जागा अडवून बसतो. मागून सोन्यासकट आलेल्याला जागाच उरत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. सोनं पुढे निघून जातं आणि ती दुसरी रेघ येत नाही. हार्मोन फार झाल्यामुळे पट्टी निगेटिव्ह!

तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, हे परीक्षेपुरतं. सतरा वर्षांत असा पेशंट पाहिला नव्हता.

मी वही शोधली नाही. उपाय आठवत होता. सॅम्पल पातळ करायचं.

एक थेंब लघवी, नऊ थेंब सलाईन. म्हणजे मिठाचं स्वच्छ पाणी. पट्टी बुडवली. पाच मिनिटांनी दुसऱ्या रेघेच्या जागी पुसटसं गुलाबी काहीतरी दिसलं. मी उजेडात धरून पाहिलं. डोळ्यांचा भास असेल म्हणून त्या पातळ केलेल्यातला पुन्हा एक थेंब घेतला, त्यात पुन्हा नऊ थेंब सलाईन. नवी पट्टी. शिवाय नुसत्या सलाईनचीही एक लावली. सलाईनच खराब असेल तर उगाच बोभाटा नको.

सलाईनच्या पट्टीवर एक रेघ. सविताच्या पट्टीवर दोन. दुसरी गडद लाल, कुणीही लांबून वाचावी अशी.

रजिस्टरमध्ये मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं होतं. खाली माझी सही होती.

मी पट्ट्या घेऊन सरळ आत गेले. डॉक्टर एका म्हाताऱ्यांची छाती तपासत होते.

“सर, मघाची सविता. पॉझिटिव्ह आहे.”

“दोनदा निगेटिव्ह दिलंत ना?”

“शंभरपट पातळ केल्यावर पॉझिटिव्ह आलीय.”

“पाणी घालून पॉझिटिव्ह?” ते वैतागले. “मॅडम, पाणी घालून दूध सकस होतं का?”

मी चारही पट्ट्या क्रमानं टेबलावर मांडल्या आणि नुसत्या सलाईनची वेगळी ठेवली. त्यांनी कानातला स्टेथोस्कोप काढला. पट्ट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हार्मोन इतका जास्त...” ते हळू बोलले. “उलट्या. डाग. नाडी?”

“पळतेय. हात थरथरतो. पोट मोठं वाटतं, असं ती स्वतः म्हणाली.”

“मी पोटाला हात लावला नाही नसरीन,” ते म्हणाले. “गर्दीत राहून गेलं.” म्हाताऱ्यांना बसायला सांगून ते उठले. “फोन लावा त्यांना. लगेच.”

बाळूचा फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं. तीन वेळा लावला. मग मी पायात चपला सरकवल्या आणि जीप स्टँडकडे निघाले. अर्धा किलोमीटर असेल. भाजीवाल्यांच्या मधून, हातगाड्या चुकवत मी पळत होते. गावातली अर्धी माणसं मला ओळखतात. “बाई, काय झालं?” असं तिघांनी विचारलं. कुणालाच उत्तर दिलं नाही.

वडगावकडची जीप उभी होती. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय निघत नाही. या सवयीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी मागच्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या आणि खिडकीशी सविता डोकं टेकून बसली होती.

“खाली उतर,” मी म्हटलं. “तुझंच खरं होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम रडायला लागली.

बाळू खाली उतरला. “कावून बाई? आता काय झालं? मघाशी तर न्हाई म्हणलात.”

“मी चुकीचं सांगितलं. दिवस आहेत. पण गर्भ नीट नसावा असं डॉक्टरांना वाटतंय. आज तपासायला पाहिजे.”

“पहाटं निगायचंय. मुकादमाचे धा फोन आले, म्हणून तर उचलंना झालतो.” तो डोकं धरून उभा राहिला. “एकानं म्हणायचं न्हाई, एकानं म्हणायचं हाय. आमी कुणाचं ऐकावं?”

त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याला म्हटलं, “तुमच्या बायकोचं ऐका. सकाळपासून ती एकच सांगतेय.”

आता सासू उतरली. मला वाटलं, या विरोध करणार. त्यांनी सविताची पिशवी खाली घेतली आणि मुलाला म्हणाल्या, “मुकादमाला मी बोलते. टोळीला एक कोयता कमी पडंल, जग बुडत न्हाई.” ड्रायव्हर म्हणाला, “मावशे, तीन शीटं गेली की माझी.” त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट तपासलं. अडीच महिन्यांच्या मानानं ते जवळजवळ दुप्पट होतं. त्यांनी अंबाजोगाईला ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला, चिठ्ठी लिहिली आणि स्वतःची गाडी ड्रायव्हरसकट दिली. चार वाजता तिघं निघाले. मी त्या पट्ट्या एका पाकिटात घालून चिठ्ठीला टाचल्या.

नंतरचं मला फोनवर कळलं. सोनोग्राफीत बाळ नव्हतंच. त्या जागी द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड भरलेले होते. त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. वार, म्हणजे बाळाला पोसणारा भाग, वेडीवाकडी वाढत जाते, हार्मोन बेसुमार होतो आणि बाळ कधीच तयार होत नाही. भरती झाल्यावर तासाभरात तिला जोराचा रक्तस्राव सुरू झाला. रक्त हाताशी होतं, डॉक्टर हाताशी होते. गर्भपिशवी लगेच रिकामी केली. सकाळी बाळूचा फोन आला. “बाई, च्या पिली तिनं. वकली न्हाई.” एवढंच बोलला.

फोन ठेवून मी लॅबमधल्या स्टुलावर बसले.  हाच रक्तस्राव वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सामानावर बसलेली असताना सुरू झाला असता तर? हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही. मशीन सुरू केलं आणि डबा उघडून आधी भाकरी खाल्ली. आदल्या दिवसाचं जेवण राहूनच गेलं होतं.

या आजारात पिशवी रिकामी केली म्हणजे संपलं असं नसतं. काही राहिलं तर ते वाढतं आणि पुढे कॅन्सरसारखं वागू शकतं. म्हणून हार्मोन पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. सविता त्या वर्षी उसाला गेली नाही. माहेरी राहिली. दर आठवड्याला रक्त द्यायला यायची. मी सॅम्पल काढून मोठ्या लॅबला पाठवायचे. पहिला आकडा इतका लांब होता की तिनं विचारलं, “ह्यो कुणाचा फोन नंबर हाय?” पुढच्या आठवड्यात तो आखूड झाला, मग आणखी आखूड. एकदा उतरायचा थांबला तेव्हा आम्ही दोघी आठवडाभर धड झोपलो नाही. पुढच्या खेपेला पुन्हा उतरला. संक्रांतीनंतर तो नॉर्मलवर आला, तरी डॉक्टरांनी आणखी सहा महिने तपासायला लावलं. शेवटच्या रिपोर्टच्या दिवशी ती दोन्ही लेकरांना घेऊन आली होती. धाकटीनं लॅबमध्ये कापसाचा बोळा खाल्ला आणि सविता तिला बडवायला पळाली. तिच्या धावण्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले.

पहिला रिपोर्ट मी रजिस्टरमधून खोडला नाही. खोडायचा नसतोच. त्याच्याखाली तारीख टाकून दुसरा लिहिला आणि दोन्हीवर सही केली. डॉक्टरांनी दवाखान्यात नवा नियम केला: दिवस असल्याची लक्षणं आणि पट्टी निगेटिव्ह असेल तर सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायचं, आणि पोटाला हात लावायचा. दुसरी अट त्यांनी स्वतःसाठी घातली होती.

आमच्या धंद्यात निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ असं आपण वाचतो. त्याचा खरा अर्थ ‘मला दिसलं नाही’ एवढाच असतो. नव्या मुलींना शिकवताना मी आता हे पहिल्याच दिवशी सांगते. जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत नाही.