वाकवून धरलेली फांदी

माहीमच्या आमच्या वाडीत सोनचाफ्याचे एक उंच झाड आहे. गेल्या वर्षी खांद्याचे हाड मोडले, हात वर जाईना, आणि स्वहस्ते तोडलेली फुलेच देवाला वाहण्याचा माझा नेम खंडित होण्याची वेळ आली.

शेजारी एक बेने इस्राईल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहते. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने माझी अडचण पाहिली. ती संकोचाने म्हणाली, “आजोबा, मी काढून दिली असती, पण मूर्तिपूजेसाठी फुलं तोडणं आमच्यात चालत नाही.”

“बाळ, दुसऱ्याने तोडलेली मलाही चालत नाहीत,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती घरी विचारून आली. “बाबा म्हणाले, नुसती फांदी धरली तर हरकत नाही.” तिने फांदी वाकवून धरली आणि मी फुले तोडली.

त्यांच्या समाजातील मुले दर रविवारी एकत्र जमतात. जग थोडे बरे व्हावे म्हणून आठवड्यात आपण काय केले, ते तेथे प्रत्येकाने सांगायचे असते. तिचा धाकटा भाऊ कुंपणापलीकडून म्हणाला, “जग सुधारायला निघाली आणि चाफ्याला लोंबकळली.”

“तू काय सांगणार आहेस रविवारी?” तिने विचारले.

 सायंकाळी तो खुरपे घेऊन आला आणि झाडाखालचे निसरडे शेवाळ त्याने खरवडून काढले.

शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्या दिवशी ती येत नाही. म्हणून शुक्रवारी ती फांदी जरा अधिक वेळ धरते. मी दुसऱ्या दिवसासाठी टपोऱ्या कळ्याही काढून ओल्या फडक्यात ठेवतो. पूजेच्या वेळेपर्यंत त्या उमललेल्या असतात.